अचूकची जन्मकथा

२ मार्च
ठरलं. मशीन करायचंच.
माझ्या साडूचा छोटा कारखाना आहे. पाण्याची टाकी भरली की कोकलणारा अलार्म तिथे बनतो. त्यातल्या बोर्डावर मोहरीएवढे पार्ट चिमट्याने एकेक ठेवावे लागतात. ते ठेवणारा माणूस कंटाळून काम सोडून गेला. तयार मशीन साडूला झेपत नाही. मी घरी करून देतो म्हणालो. जमलं तर तो मला कारखान्यात घेणार. म्हणजे ऑफिसात साहेबांच्या तोंडावर राजीनामा! किती वर्षं या क्षणाची वाट बघतोय.
मशीनचं नाव 'अचूक'.

५ मार्च
जेवणाच्या टेबलावर काम सुरू. जुन्या प्रिंटरच्या मोटारी, रबरी पट्टे, एक फळी. मधोमध इंजेक्शनची बोथट सुई. ती हवेने पार्ट ओढून उचलणार, बोर्डावर नेऊन सोडणार. हिने विचारलं, जेवायचं कुठे? मोठ्या कामाच्या वेळी असले प्रश्न विचारू नयेत. उभ्याने जेवलो.

९ मार्च, संध्याकाळ
पहिली चाचणी. हवा ओढायला घरातल्या फिशटँकचा पंप जोडला होता. सुई ऐटीत पार्टांवर गेली आणि तिने फुंकर मारली. सगळे पार्ट हवेत.
हा पंप हवा ओढत नाही, सोडतो, हे डब्यावर ठळक छापायला हवं होतं. ही म्हणाली, इतकी वर्षं ते बुडबुडे कुठून येतात असं वाटत होतं तुम्हाला? मी पार्ट वेचायला घेतले. वाद घालणं माझ्या स्वभावात नाही.

१० मार्च
ऑफिसला दांडी. दिवसभर गुडघ्यांवर. थोडे पार्ट सापडले. एक साखरेच्या डब्यात होता.

१४ मार्च
पार्ट उडतात म्हणून घरात पंखा बंद. शिंकायचं असेल तर बाल्कनीत. उशी घेऊन ही शेजारणीकडे दुपार काढते. संशोधकाला घरच्यांची साथ मिळतच नाही.

१९ मार्च
पंप खोलून आतून उलटा केला. अचूक पार्ट उचलतो! फक्त सोडत नाही. बोर्डावर जातो, विचार केल्यासारखा थांबतो आणि पार्ट घेऊन परत येतो. टेबलाला टिचकी मारली की सोडतो. म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक झालंच.

२३ मार्च
किरकोळ अडचण. अचूकला प्रत्येक पार्ट ठरलेल्या खाचेत, सरळ आणि उताणा लागतो. तसा ठेवायचं काम तूर्त मी चिमट्याने करतो. ही म्हणाली, मग त्याच चिमट्याने थेट बोर्डावरच का नाही ठेवत? हिला ऑटोमेशन कळत नाही. नीट समजावून सांगितलं. समजावताना मध्येच मलाही कळेनासं झालं, म्हणून विषय बदलला.

२७ मार्च
चिमट्यावर हात चांगलाच बसलाय. अचूक एक पार्ट ठेवतो तोवर माझ्या सगळ्या खाचा भरून होतात. मग मी बसून राहतो. माझ्यामुळे त्याच्यावर दडपण येत असावं.

३० मार्च, रविवार
विजय!!
साडू डेमो बघायला आला. पहिला पार्ट अचूकने बरोबर जागेवर ठेवला. (टिचकी गुडघ्याने मारली, कोणाला कळलं नाही.) दुसऱ्याला पट्टा निसटला आणि सुई सरळ भिंतीकडे निघाली. मी डगमगलो नाही. वेळ वाया नको म्हणून उरलेला बोर्ड चिमट्याने भरून टाकला. पट्टा बसेना, म्हणून आणखी दोन भरले.
साडू तोंडात बोट घालून बघत होता. म्हणाला, असा स्पीड मी जन्मात पाहिला नाही, बुधवारपासून या. पट्टा निसटूनही मशीनने छाप पाडली! मला भरून आलं. हिच्याकडे पाहिलं तर हिने कपाळाला हात लावला होता. आनंद झाला की काही लोक तसं करतात.

३१ मार्च
राजीनामा दिला. साहेब म्हणाले, पुन्हा एकदा विचार करा. म्हटलं, विचार करायची कामं आता मशीन करेल. शिपायानेसुद्धा वळून पाहिलं.

२ एप्रिल
अचूकला चादरीत गुंडाळून कारखान्यात नेलं. साडू दारातच म्हणाला, ते गाडीतच राहू द्या, आत जागा नाही. आत खिडकीपाशी एक स्टूल होतं, दिवा होता, चिमटा होता. तूर्त बसलो. मशीन कधी लावायचं असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने माझ्यापुढे नवा बोर्ड सरकवला.
दुपारी एक मोठं गिऱ्हाईक आलं. साडू त्याला सांगत होता की आता माल वेळेवर मिळेल, आम्ही नवीन मशीन घेतलंय. माझी छाती फुगली. चला, अखेर अचूकची कदर झाली! मान वर केली तर साडूचं बोट माझ्याकडे होतं.
गिऱ्हाइकाने वाकून मला नीट पाहिलं आणि विचारलं, वीज किती खातं?
साडू म्हणाला, वीज अजिबात नाही, दोन वेळा चहा.
चहा बरा होता.