तेजस्विनीचा काठ आणि तिगावचा बगिचा

मी विनायक गुणवंतराव घाटोडे, वय ७३, सौंसरच्या शाळेतून निवृत्त झालेला भूगोल शिक्षक, राहणार पांढुर्णा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहितो. डोक्यात गोंधळ आहे, पण तो वेडाचा नव्हे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सन २०१९ चे माझे मृत्युपत्र याने रद्द समजावे.

१. पांढुर्ण्याचे घर पत्नी अनुराधा हिच्या हयातीत तिचे, नंतर मुलगा हर्षल याचे. गच्चीवरची टाकी गळते, तीही त्याचीच.

२. दुर्बीण शाळेला द्यावी. कपाटात कोंडून ठेवणार असतील तर देऊ नये.

३. तिगावचा संत्र्याचा बगिचा. इथे माझी लेखणी अडते.

जुन्या मृत्युपत्रात मुलगी तेजस्विनी हिला मी काहीच ठेवले नव्हते. बंगळुरूची, आपल्या अंतराळ संस्थेतली नोकरी सोडून ती जर्मनीला, युरोपच्या अंतराळ संस्थेत गेली, तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड, त्यावर झेंडा; जो गाव तो आधी काढेल तो जिंकला. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. चंद्राची शर्यत मी वर्गात तीस वर्षे अशीच शिकवली. या काठावर रशिया, त्या काठावर अमेरिका, मागाहून आपणही शर्यतीत उतरलो. काठ बदलणाऱ्याला आमच्यात माफी नाही.

२३ ऑगस्ट २०२३ ला आपले यान चंद्रावर उतरले आणि मी गल्लीभर पेढे वाटले. आठवड्याने हर्षल म्हणाला, "बाबा, ताई त्या दिवशी ड्युटीवर होती. आपल्या यानाचे सिग्नल त्यायची अँटेनाबी ऐकून राहिली होती."

अँटेना युरोपची, उभी ऑस्ट्रेलियात, यान भारताचे, आणि त्यावर एक आरसा अमेरिकेचा. मी वहीत देशांचे रकाने आखले, तर एकही गोष्ट एका रकान्यात मावेना. यंदा आपला माणूस अंतराळ स्थानकात गेला तो अमेरिकेच्या रॉकेटातून, सोबत पोलंड आणि हंगेरीचे. चीनने मात्र स्वतःचे वेगळे स्थानक बांधले. म्हणजे काठ आहेत की नाहीत? भूगोल शिकवून म्हातारा झालो, पण मला सांगता येत नाही.

अनुराधा सावरगावची. ती म्हणाली, "गोटमारीत तुमचं आन् माह्या भावाचं, दोघायचंबी डोकं मीच बांधलं. मले कोणी विचारलं का, तू कोणाची म्हणून? मंग पोरीले कायले विचारता?"

म्हणून बगिचा हर्षल व तेजस्विनी या दोघांचा निम्मा-निम्मा राहील, मधे बांध न घालता. हे बरोबर की चूक, अजून ठरत नाही. लेकीची सहा वर्षे मी हाताने घालवली, एवढे मात्र कळते, आणि त्याचे फार वाईट वाटते.

४. हे कलम मी मेल्यावर वाचण्यासाठी नाही. साक्षीदार सुखदेवराव आजच याचा फोटो काढून तिला पाठवतील. तेजू, तिकडचे घड्याळ मला समजत नाही. किती वाजता फोन केला तर चालेल, ते कळव.

सही: वि. गु. घाटोडे

आमच्यासमक्ष सही केली:
१. सुखदेव रामटेके, निवृत्त पोस्टमन, तिगाव
२. अमोल कामडी, शिक्षक, सौंसर

पांढुर्णा, दि. २५ ऑगस्ट २०२५