पदराआडचा घास

आत्याबाई,

परवा तुमच्या नातीच्या नातवाचं जावळ काढलं. आपल्याच शिवारातल्या दर्ग्यापाशी, त्याच लिंबाखाली. पिराच्या नवसाच्या जेवणाला, कंदुरीला, दोन बोकड होते, मांडव होता, खुर्च्या होत्या, आणि एका कडेला वेगळं टेबल मांडून त्यावर ‘शाकाहारी’ अशी पाटी लावली होती. मला हाताला धरून त्या टेबलापाशी बसवलं. पुऱ्या होत्या, पनीर होतं. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी बामणीन म्हणून चिडवलं नाही, म्हातारे तू का खात नाहीस असं साधं विचारलंसुद्धा नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या पाटीकडं बघता बघता मला फार थकल्यासारखं झालं. एवढ्याशा पुठ्ठ्यानं जे काम झालं, त्यात तुमची आणि माझी किती वर्षं गेली. घरी आल्यावर नातसुनेकडून वही मागून घेतली. मला लिहिता येतं हे तुम्हाला माहीत नाही. ते मी तुमच्या माघारी पोरीबरोबर बसून शिकले. तुम्हाला तर वाचता येतच नव्हतं, तेव्हा हे कागद कुठं जायचे नाहीत हे मला कळतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तेरा वर्षांची होते आणि गळ्यात तुळशीची माळ होती. सासूला आत्याबाई म्हणायचं, उलटून बोलायचं नाही, एवढंच आईनं गाडीत बसवताना शिकवलं होतं. माहेरी राणीसावरगावला वडिलांनी माळ घेतलेली. नवव्या वर्षी मी मोठ्या तापातून उठले, तेव्हा त्यांनी माझ्याही गळ्यात घातली, आणि आमच्या घरातून मटण, मासळी, अंडं कायमचं गेलं. सोयरीक जमवताना ती माळ दोन्हीकडच्यांना दिसत होती, पण बोललं कुणीच नाही. वडिलांना वाटलं, पोरीचा नेम सासरचे पाळतील. सासऱ्यांना वाटलं, लेकरू आहे, चार सण झाले की सुटेल. मोठ्या माणसांनी न बोललेली गोष्ट मग आपल्या दोघींच्या चुलीवर येऊन पडली.

पहिल्या धुळवडीला चार घरांत मिळून बोकड कापला आणि आपल्या वाट्याची परात तुम्ही माझ्यापुढं सरकवली. मी ते धुवायला घेतलं आणि परसात जाऊन ओकले. जावा हसल्या. तुम्ही हसला नाहीत. दंडाला धरून मला चुलीपाशी आणून बसवलंत आणि म्हणालात, “तुला न्हाई खायाचं, नको खाऊ. तुज्या माळंला मी हात लावत न्हाई. पर घरच्या मानसांच्या ताटाकडं बघून नाक मुरडायचं न्हाई. रांधाय तर लागंलच.” मला तेव्हा तुमचा रागच आला होता. पण पुढच्या बाजारी तुम्ही माझ्यासाठी वेगळा तवा आणि लहानसं पितळी भगुनं आणलंत, दोन्हीच्या कडीला लाल दोरा बांधलात आणि घरात बजावलंत की ह्याला कुणी हात लावायचा नाही. माहेरूनही एवढ्या मायेनं कधी काही आलं नव्हतं.

तेव्हापासून चौदा माणसांचं मटण मी करायची, आणि त्यातला थेंब जिभेला न लावता करायची. मसाला मी तुमच्याइतकाच चांगला भाजायला शिकले, वासानं कळतं. मीठ मात्र वासानं कळत नाही. रश्शाला उकळी आली की मी हाक मारायची, आत्याबाई, मीठ बघा. तुम्ही हातातलं काम टाकून यायचा, तळहातावर रस्सा घेऊन चाटायचा आणि म्हणायचा, “बरोबर हाय.” दर वेळी तेवढंच. मला मनातून अभिमान वाटायचा, की न चाखता माझा हात इतका बसला.

घरात असं निभत होतं, पण उंबऱ्याबाहेर पडलं की जीव नकोसा व्हायचा. लग्नाकार्याला, सोयऱ्यांकडं, सगळ्या बायका पंगतीला बसायच्या आणि मला कोपऱ्यात कोरडा शिधा मिळायचा: पीठ, डाळ, गूळ, मीठ. भर दुपारी परक्या परसात तीन दगड मांडून मी एकटीपुरती भाकर थापायची. कुणी म्हणायचं, आमच्यात बामणीन आली. आणि कुलकर्ण्याच्या घरी गेलं तर त्यांच्या बायका पाणी वरून ओतायच्या. माळ असली म्हणून काय झालं, असं एकदा माझ्यासमोरच बोलल्या. इकडच्यांना मी बामणीन आणि तिकडच्यांना कुणबीन. पालमला नणंदेच्या घरी मटणातला डाव मुद्दाम माझ्या वरणात घातला आणि मी जेवून उठल्यावर सांगितलं. सगळे हसत होते. तुम्ही ताटावरून उठलात, गाडी जुंपायला लावलीत, आणि पोटच्या लेकीच्या घरातून अर्धपोटी निघालात. वाटभर माझ्याकडं पाठ करून बसलात. तुम्हाला माझा वैताग आला होता हे मला दिसत होतं. येणारच. मला स्वतःलाही माझा वैताग यायचा.

माझी दोन बाळंतपणं वाया गेली, तेव्हा लोकांना कारण तयारच होतं: रक्तात ताकद कुठनं येणार, ही तर गवत खाती. सासरे माझ्या माहेरी निरोप धाडायचं बोलू लागले. तुम्ही एका गुरुवारी दर्ग्यावर जाऊन नवस बोललात, सुनेचं लेकरू जगलं तर कंदुरी करीन. मला विचारलं नाहीत. मग ही पोरगी, तुमची नात, झाली. पोरीसाठी कुणी बोकड कापतं का, असं गाव म्हणालं, आणि तुम्ही म्हणालात की नवस लेकराचा बोलले होते, पोराचा नव्हे. तुमच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

पण नवसाची एक रीत मला ठाऊक नव्हती. ज्या बाईच्या कुशीसाठी नवस, तिनं निवदाच्या ताटातला पहिला घास सगळ्यांसमोर खायचा. त्याशिवाय नवस फिटत नाही आणि पंगतही बसत नाही. मला हे त्याच दिवशी सकाळी कळलं. सासरे दर्ग्यापाशी उभे राहून एवढंच म्हणाले की आज एक तर माळ उतरेल, नाही तर ही राणीसावरगावला जाईल. पोरगी इथंच राहील. पोरीचं जावळ निघालं, मुलाण्यानं बोकड कापला, डेग उतरली. अजून मला ते सगळं समोर दिसतं. मी लिंबाखाली बसलेय, मांडीवर बोडकं झालेलं लेकरू रडतंय, समोर गावच्या बायका, मागं पुरुष. ताटात मलिदा आहे, भाकरी आहे आणि वर रश्शातल्या फोडी. तुम्ही ताट घेऊन माझ्यापुढं बसता. सगळ्यांना दिसेल अशी एक मोठी फोड उचलता. “मायला घास घेताना दिष्ट लागती,” असं मोठ्यानं म्हणता आणि आपला पदर दोघींच्या डोक्यावरून ओढून घेता. आत अंधारात तुमच्या तोंडाचा तंबाखूचा वास येतो. माझ्या तोंडात मलिदा पडतो, गोड. फोड तुम्ही स्वतःच्या तोंडात टाकता. “हालव तोंड,” तुम्ही कानाशी म्हणता, “चाव.” आणि पदर बाजूला होतो तेव्हा दोघीही चावतोय.

पंगत बसली. माळ गळ्यातच होती, कारण तुम्ही लगेच जाहीर केलंत की नवसाच्या घासानं माळ बाटत नाही, आता पुन्हा हिला कुणी खा म्हणायचं नाही. मला त्या दिवशी तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही.

पुढच्या होळीच्या तोंडावर पोरगी तापानं फणफणली. आठ दिवस डोळा उघडेना. परभणीचा हकीम येऊन गेला, पुड्या देऊन गेला. नणंद आली होती, ती म्हणाली, नवसात कुठं तरी खोट राहिली असंल. तिला काही माहीत नव्हतं, ती सहज बोलली. तुमचा चेहरा मात्र असा उतरला की माझ्याच्यानं बघवेना. खोट कुठं आहे ते आपल्या दोघींनाच माहीत होतं.

धुळवडीचा वाटा आला. घरात लेकरू तसं पडलेलं, पण औताची माणसं उपाशी कशी ठेवणार; मी रांधलं. तुम्ही मांडीवरून पोरीला न उतरवता, मी पुढं केलेला रस्सा चाखलात आणि म्हणालात, “बरोबर हाय.” दुपारी माणसं जेवून ओसरीवर पडली. तुम्ही पोरीपाशी होता. मी चुलीपाशी एकटी होते. मी माळ काढली आणि मिठाच्या मडक्यावर ठेवली. पीरबाबा, तुमचा घास घ्या आणि लेकराला सोडा, असं म्हणाले आणि पातेल्यातली फोड खाल्ली. मग आणखी एक. चूळ भरली, माळ परत घातली आणि भांडी घासायला बसले.

दिवे लागायच्या आत तुम्ही दर्ग्यावर जाऊन आलात. आल्या आल्या माझ्यापाशी बसलात आणि हळूच म्हणालात, “त्या दिशीचा घास मी खाल्ला, तवा फेड बी माजीच. आजपासून मी मटन सोडलं. पोरीच्या जिवावर सोडलं.” मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही उठून गेलात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरीला घाम फुटला.

तुमच्यासारखी खाणारी बाई मी पाहिली नाही. नळीतला मगज काढायला तुम्ही अर्धा तास ताटावर बसायचा. सात वर्षं तुम्ही शिवला नाहीत. गाव म्हणू लागलं, सुनेनं सासूला माळकरी केलं, आणि त्या पुण्याईवर माझी किंमत वाढली. बायका सणावारी माझ्या पाया पडू लागल्या. कुलकर्ण्याची म्हातारीसुद्धा मला ओसरीवर बसवू लागली. तुम्हाला कुणी माळ घाला म्हणालं तर तुम्ही म्हणायचा, “मी कशाची माळकरी. मी उपाशी हाय.” लोक हसायचे. मीही हसायची. घरात मटण शिजायचं तेव्हा तुम्ही परसात जाऊन बसायचा, आणि मीठ बघायला मी जावेला हाक मारायची. ती दर वेळी काही ना काही कमीजास्त सांगायची. मी म्हणायची, ती मुद्दाम खोड काढते.

पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. गावात धास्ती होती, आपले पुरुष संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं लपायला गेले होते, घरात नुसत्या बायका आणि तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या. हकीम म्हणाला, बोकडाच्या पायाचा शोरवा द्या, अंगात काही उरलेलं नाही. मुलाण्याच्या घरून पाय आले. शेजारच्या चुलीवर मसाला भाजत होता, त्याचा वास आला आणि तुम्ही डोळे मिटून तो ओढून घेतलात. मी शोरवा करू का विचारलं. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, “नको गं. पोरीवर यील.” पोरगी नऊ वर्षांची, धडधाकट, दारात उभी होती. मला एवढंच म्हणायचं होतं की आत्याबाई, तो घास कधीच फिटलाय, तुम्ही खा. नणंद उशाशी बसली होती, जावा होत्या. माझी माळ त्या सगळ्यांसमोर उतरली असती. सात वर्षांत मला त्या पाया पडण्याची सवय झाली होती. मी लाल दोऱ्याच्या भगुन्यात मुगाचं कढण केलं आणि चमच्यानं पाजलं. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि म्हणालात, “मीठ बरोबर हाय.” चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. शोरव्यानं तुम्ही वाचला असता असं मी म्हणत नाही. पण उपाशी गेला नसता.

तुमची नात आता म्हातारी झाली, दात पडले तरी नळी सोडत नाही. तिला यातलं काही माहीत नाही. माळ अजून गळ्यात आहे. मण्यांची भोकं झिजली, दोन वेळा ओवून घेतली. हे कागद मी त्याच भगुन्यात ठेवणार आहे. ते आता कुणी चुलीवर चढवत नाही.

एकच राहिलं. पहिली फोड पोरीसाठी होती. दुसरी मी मीठ बघायला खाल्ली, असं इतकी वर्षं मनाला सांगत आले. पण तुम्ही बरोबर म्हणालात तरी मीठ कमी आहे, आणि तुम्ही इतकी वर्षं मला असंच सांभाळून घेत होता, हे मला पहिल्याच फोडीत कळलं होतं.