आक्काची दुसरी पिशवी

९ ऑगस्ट
सकाळी सहाला गावच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोडला, देवळात दिवा लावला, घरी आलो. आक्का ओट्यावर. चहा पुढ्यात तसाच. उजेडात तिचे डोळे पाहिले. पिवळे. जुन्या वहीच्या पानासारखे. अडीच महिने आम्ही पित्त पित्त करत बसलो. आमसुलाचं पाणी, मोरावळा, उपाशी राहू नको. उजव्या कुशीत दुखतं म्हणायची, ते भातलावणीत वाकून दुखतंय असं मीच ठरवून टाकलं.
शोभा म्हणाली, "वन्सं, कावीळ हाय ही."
आक्का: "मंग उतरवून आना. त्येला एवढं त्वांड काय पाडताय दोघं नवराबायकू?"

१२ ऑगस्ट
ताम्हिणीकडे एक म्हातारा कावीळ उतरवतो. त्याच्याकडे नेली. चुन्याच्या पाण्यात हात धुवून घेतले, पाणी पिवळं झालं. आक्का खूश. "बघ म्हादू, निगाली." मलाही बरं वाटलं. अजून दोन खेपा सांगितल्यात. येताना मोटारसायकलवर तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं. मागे कोणी बसलंय असं वाटतच नव्हतं, एवढी हलकी.

२७ ऑगस्ट
तिसरी खेपही झाली. पाणी दर वेळी पिवळं. डोळे तसेच. खाज एवढी की हातांना रक्त. आज शोभाने माझं ऐकलं नाही, आक्काला पौडला नेऊन सोनोग्राफी केली. डॉ. बराच वेळ यंत्र एकाच जागी फिरवत राहिले. मग मला एकट्याला बोलावलं. पित्ताच्या पिशवीत खडे, आणि गाठ. गाठ यकृतात शिरल्यासारखी दिसते. पुण्याला जा, थांबू नका.
पंधरा दिवस मी चुन्याच्या पाण्यात घालवले. हे इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या कोणाजवळ बोलवत नाही.

३० ऑगस्ट
पुणे. स्कॅन झाला. बाहेर बाकावर आक्काने विचारलं, काय म्हनला डॉक्टर?
"पिशवीला गाठ आहे म्हणाले."
ती हसायलाच लागली. "माजी पिशवी? अकरा वर्सं झाली काढून! न्हाई त्या पिशवीला गाठ कशी यील रं? दुसऱ्या कुनाचा कागद दिलाय तुला."
आमच्या बायकांना पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी, दुसरी नाही. खरं सांगायची जागा हीच होती. माझ्या तोंडून निघालं, "थोडा तुकडा राहिला होता म्हणे."
ती म्हणाली, "त्या डॉक्टरनीचं काम कच्चंच वाटलं व्हतं मला."
एका निरपराध बाईवर ढकलून मी सुटलो.

४ सप्टेंबर
तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत नळी बसवली. पित्त वाहायला लागलं, खाज कमी. गाठीच्या तपासणीचा कागदही आला. कॅन्सरच.

११ सप्टेंबर
मोठ्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. वर यकृत, त्याच्या पोटाशी छोट्या पेरूएवढी पिशवी. गाठ वर यकृतात आणि खाली पित्ताच्या नळीपर्यंत. वाटा तीन.
एक, लगेच मोठं ऑपरेशन. पिशवी, यकृताचा भाग, आसपासच्या गाठी, नळी, सगळं काढून आतडं वर जोडायचं. आज केलं तर सगळं निघेल याची खात्री नाही, आणि काही माणसं त्यातून उठत नाहीत.
दोन, आधी औषधाच्या सलाईन. आकसली तर ऑप.
तीन, कापायचंच नाही. नळी, दुखण्यावर औषध, जितके दिवस मिळतील तितके नीट.
मी विचारलं, तुमची बहीण असती तर?
"दुसरी वाट. पण आकसेलच असं मी म्हणणार नाही."
धीर आला नाही. भरवसा आला.

१२ सप्टेंबर
कौल लावायला गेलो. गुरवांनी दोन कळ्या ओल्या करून देवीच्या खांद्यांना चिकटवल्या. म्हणाले, "उजवी पडली तर काय, डावी पडली तर काय, त्ये आदी बोल."
मला बोलता येईना. कौलाला बाजू दोन, माझ्याकडे वाटा तीन. आणि जिच्या पोटाचा कौल तिलाच पत्ता नाही.
"न्हाई बोलत तर ऱ्हाऊ दे," म्हणाले. कळ्या काढून माझ्या हातात दिल्या.
शेवटी डॉक्टरांची दुसरी वाट धरली. सलाईनला आक्का लगेच तयार झाली. "म्हादूनं सांगितलं म्हंजी झालं."

२ नोव्हेंबर
सलाईनची तिसरी खेप उरकली. दोन दिवस उलट्या, मग जरा माणसात येते. भात कापायला घेतलंय. आक्का बांधावर गोधडी पांघरून बसली आणि तिथून हुकूम. "म्हादू, कापतोयस का दाढी करतोयस?" बायका हसल्या. थोड्या वेळाने पाहिलं तर बसल्या जागी झोपलेली, तोंड उघडं. शोभाने पदराने माशा वारल्या.
आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, ही बारा. नवरा गेल्यावर माहेरी आली तीही मला भाकरी करून घालायला. हिच्याशी खोटं बोलायला मी कुठे शिकलो.

१८ डिसेंबर
स्कॅन. गाठ आकसलीय. दुसरीकडे काही दिसत नाही. डॉ. म्हणाले, आता ऑपरेशनचा विचार करता येईल. मग आक्काकडे वळले.
"मावशी, कशाचं ऑपरेशन आहे माहीत आहे ना?"
"पिशवीचं. मागला तुकडा ऱ्हायलाय न्हवं का."
डॉ. मला बाहेर घेऊन गेले. "त्यांना कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. सांगा, आणि त्यांनाच घेऊन या. मी तुम्हाला विचारणार नाही, त्यांना विचारणार."
घरी येईपर्यंत बसमध्ये आक्का खिडकीबाहेर बघत होती. भूगावला उसाचा रस प्यायचा का विचारलं तर नको.

१९ डिसेंबर
ती नवे तांदूळ पाखडत होती. समोर बसलो.
"आक्का, ती पिशवी नाही. दुसरी आहे. पित्ताची."
सूप थांबलं. "बाईला दोन असत्यात?"
"सगळ्यांनाच असते ही. मलापण."
"तुला पिशवी!" मोठ्याने हसली. हसता हसता डोळे पुसले.
"कॅन्सर आहे, आक्का."
"त्ये ठावं हाय. त्या सलाईनच्या हॉलात समद्या काय पडसं झालेल्या बसत्यात व्हय? पयल्याच दिशी शेजारनीनं सांगितलं. कंच्या जागी हाय त्येवढंच कळंना."
"मग बोलली का नाहीस?"
"तू सांगशील म्हनून थांबले. खोटं बोलतोस तवा कान लाल व्हत्यात तुजं, ल्हानपनापास्नं."
मला वर बघवेना. ती पुढे म्हणाली, "त्या डॉक्टरनीला चार म्हैनं शिव्या घातल्या मी. त्येचं पाप कुनाला?"
"मला."
"मंग ठीक हाय."
डॉक्टरांचं चित्र दाखवलं. तिन्ही वाटा सांगितल्या, काही झाकलं नाही. तिने चित्र सुपावर ठेवून बराच वेळ पाहिलं. शेवटी म्हणाली, "आता मदी बोलू नगंस. माजं मी सांगीन."

२२ डिसेंबर
तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता.
"डॉक्टर, निगत आसंल तर समदं काडा. पसरलं आसंल तर कापू नगा, तसंच शिवा नि घरला धाडा. अर्दं नगं."
डॉ. म्हणाले, तसंच करायचं. आधी बारीक छिद्रातून दुर्बीण घालून पोट बघणार. आत इतर ठिकाणी कॅन्सरचे दाणे दिसले तर अर्ध्या-पाऊण तासात बंद करून बाहेर येणार. नाही दिसले तर सहा-सात तास.
तिने सही केली. पूर्ण नाव, सावकाश, आमच्या वडिलांच्या नावासकट. लग्नानंतरचं नाव लिहायचं असतं म्हणालो. "आसू दे," म्हणाली.

८ जानेवारी
भरती केली. शोभा थांबलीय. गावी आज व्हॉल्व्ह शेजारच्या किसनने सोडला, दिवा गुरव लावतील. आक्का खाटेवरून म्हणते, "घरी जायाचं तर जा, हितं काय माजी राखन करतोस?" गेलो नाही.

९ जानेवारी
आठला आत नेलं. ढकलगाडीवरून माझा हात धरला.
"लौकर हाक आली तर रडत आत यायचं न्हाई. शुद्धीवर आले की मी पयलं तुज्या तोंडाकडंच बघनार."
दार बंद.
पावणेनऊ. दार उघडलं. दुसऱ्याच कोणाचं नाव. एक बाई धावत गेली.
नऊ. शोभा म्हणते, आत नेल्या नेल्या थोडंच चालू करतात, झोपवायला वेळ जातो. बरोबर आहे. मग तो पाऊण तास कधीपासून मोजायचा?
नऊ दहा. देवीजवळ आजवर जे मागितलं ते लवकर दे म्हणून मागितलं. आज सांगतोय, लांबव. दुपार होऊ दे. आम्हाला इथे बसवून ठेव.
नऊ वीस. कोणी नाही.
साडेनऊ. दार उघडतंय. मी वहीतच बघतोय.