दुसरी वेलांटी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय बारकीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांना भाव देत नाही. समोरच्या इमारतीला रंग देणं चाललंय. रंगाऱ्यांनी जिन्याशी पुठ्ठा टांगला होता, 'सावधान, ओला रग'. दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी खाली जाऊन स्वतःच्या पेनाने अनुस्वार दिला. रंगारी म्हणाला, "आजी, असंही कळतंच की लोकांना." मी म्हटलं, "कळतं म्हणून तर चूक टिकते, बाबा." त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं तू लहानपणी पाहायचीस.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी हवामानाच्या पलीकडे जात नाही. तुझ्याकडे ऊन, माझ्याकडे ढग, बरं ठेवते. अडतीस वर्षांत आपण दोन लग्नांत आणि एका अंत्यविधीला भेटलो, आणि तिन्ही वेळा तू मला "पाणी हवं का?" एवढंच विचारलंस. शिवाय फोनवर खोडता येत नाही. मला खोडायला लागतं.

मंगळवारी तुझ्या लेकीचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस, तिने सांगितलं नसतं तर मी तिच्यावर रागावले असते. तू वाचनालयात दर शनिवारी मुलांना वाचायला शिकवतेस, हेच मला माहीत नव्हतं. त्यातल्या एका मुलाच्या आईने फोनमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या यंत्राला तुझं नाव घालून विचारलं, "या बाई कोण?" आणि यंत्राने सांगितलं, या शिक्षिकेला प्रश्नपत्रिका फोडल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. वाचनालयाने तुला "प्रकरण स्पष्ट होईपर्यंत" थांबायला सांगितलं. म्हणून मी जिथे प्रुफं तपासायचे त्या आमच्या वर्तमानपत्राला तू अर्ज केलास, "जुन्या अंकांतलं माझं नाव काढून टाका, शोधलं तरी सापडू नये असं करा."

मी इतकी संतापले की आधी चहा सांडला. मग त्या यंत्रालाच जाब विचारायला बसले.

बारकी, विचित्र प्रकार आहे तो. मी लिहिलं, "तुला कुणी सांगितलं ही दोषी?" लगेच उत्तर, आमच्या वर्तमानपत्राचा जुना अंक. पुढे स्वतःच्या पदरची भर, की तुला सहा महिन्यांची शिक्षा झाली. मी लिहिलं, "कसली शिक्षा? ती सुटली." तर म्हणतं, क्षमा करा, आपलं बरोबर आहे, त्या निर्दोष होत्या. जरा बरं वाटलं. बुधवारी सकाळी पुन्हा विचारलं, तर पुन्हा दोषी, पुन्हा सहा महिने. इतक्या अदबीने इतकं खोटं बोलणारा मी आजवर एकच पाहिला होता, आपला धाकटा मामा. पण मामाला निदान कालची थाप आज आठवायची.

राग ओसरल्यावर मात्र मला चैन पडेना. शिक्षा आली कुठून? अंकात तर शिक्षेचा शब्द नाही, मला ठाऊक आहे. मग लक्षात आलं. दोषी म्हटल्यावर पुढे शिक्षा असणारच, असा त्याचा हिशेब. त्याने मूळ प्रत बघितलीच नाही. वाक्यात जे शोभेल ते बसवलं.

हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

बुधवारीच कचेरीत गेले. आमची प्रुफं तपासायची जुनी खोली आता राहिली नाही. जिथे आम्ही सहा जण ओल्या प्रुफांवर माना मोडायचो, तिथे काचेच्या भिंती आणि एक उंच झाड, तेही प्लास्टिकचं. जुने अंक सगळे फोटो काढून संगणकात घातले आहेत. तुझा अर्ज ज्यांच्याकडे आहे त्या वकीलबाई तिशीच्या असतील. म्हणाल्या, "बसा ना काकू." मी म्हटलं, "मी तुमची काकू नाही, अर्जदाराची बहीण आहे." त्या हसल्या आणि स्वतः उठून मला पाठ टेकायची खुर्ची दिली, तेव्हा मला काकू व्हावंच लागलं.

दोन तास मी त्यांना प्रश्न विचारले. तुझ्यावर ही वेळ आलेली आणि मला तिथे मजा वाटत होती, हे लिहायला लाज वाटते. पण किती नवं आहे हे सगळं. त्या म्हणाल्या, विस्मरणाचा हक्क असा एक प्रकार आता लोक मागू लागले आहेत. प्रत्येकाला मिळतोच असं नाही, पण तुमच्या बहिणीला आम्ही देऊ. नाव घालून शोधलं तर ते पान येणार नाही.

"आणि यंत्राने आधीच वाचून ठेवलंय त्याचं काय?"

"ते आमच्या हातात नाही. त्यांना कळवता येतं. काही जण ऐकतात."

"म्हणजे गिळलेलं बाहेर निघत नाही."

"निघालं तरी सगळं निघालं का, हे छातीठोक कुणी सांगू शकत नाही, काकू."

"मग ते पान दुरुस्त करा."

"जुना अंक बदलता येत नाही. उद्या कुणीही येईल आणि आपल्याला हवा तसा भूतकाळ मागेल. पण त्या पानाच्या डोक्यावर दुरुस्ती चिकटवता येते. माणसं आधी ती वाचतात, यंत्रंही बहुतेक वाचतात. त्याला पुरावा लागतो. निकालाची प्रत, नाहीतर बातमीदाराचा मूळ कागद."

तुझी निकालाची प्रत घर बदलताना गेली आणि न्यायालयाने त्या सालच्या फायली केव्हाच नष्ट केल्या, हे तुझ्या लेकीने मला सांगितलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "आणि मूळ कागद अडतीस वर्षांनी कुठून येणार? म्हणून काढून टाकणंच सोपं."

मी पर्स उचलली आणि घरी आले. समोरच्या जिन्याशी पुठ्ठ्यावरचा अनुस्वार वाळला होता.

आता हा पुढचा मजकूर मी तीनदा खोडला आहे.

तो निकालाचा दिवस होता, हे मला माहीत होतं. अडीच वर्षं तू निलंबित होतीस, कारण प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती. माझी दुपारची पाळी होती, आणि तुझ्या गावातून बातमी आली तेव्हा सहा वाजले असतील. जुळाऱ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवताना 'निर्दोष'मधला, ओळीच्या शेवटी आलेला 'निर्' गाळला. माझ्यासमोर प्रूफ आलं त्यात होतं, 'न्यायालयाने शिक्षिकेला दोष ठरवले.'

'दोष ठरवले.' हे मराठी नव्हे. कुणालाही खटकेल, मला तर खटकणारच. कॉन्व्हेंटची पोरगी मराठी काय तपासणार, म्हणून पहिल्या दिवशी सगळे हसले होते. त्या हसण्याचा सूड मी वीस वर्षं वेलांट्यांवर उगवला. मी पेन उचललं आणि 'ष'ला दुसरी वेलांटी दिली. दोषी. वाक्य सुरेख झालं. खाली सही केली.

तुला मी सांगितलं, छापखान्याची चूक. छापखान्याची चूक अर्धीच होती. नुसता 'दोष' छापला असता तर वाचणाऱ्याला शंका आली असती, काहीतरी गळलं म्हणून. माझ्या वेलांटीने ती शंका बुजवली.

मूळ कागद शेजारीच होता. शंका आली की मूळ कागदाशी ताडून बघायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि मी तो नव्या मुलींना घसा कोरडा करून शिकवायचे. त्या दिवशी मी कागद उलटला नाही. का, ते आता लिहिते. ते वाक्य वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, बारकी. प्रश्नपत्रिका फुटली त्या वर्षी तू मला म्हणाली होतीस, "ताई, माझ्या वर्गात एक पोर आहे, तिसऱ्यांदा परीक्षेला बसतेय, माझा जीव तुटतो तिच्यासाठी." मला वाटलं, दिला असेल हिने तिला पेपर. काळीज मऊ आहे. दुसऱ्या कुणाची बहीण असती तर मी ताडून बघितलं असतं. तुझ्या बाबतीत मला मूळ प्रतीची गरज वाटली नाही. जे शोभेल ते बसवलं.

म्हणून त्या यंत्रावर ओरडता ओरडता मी मध्येच थांबले. ते माझ्याच पाळीतलं निघालं.

दुसऱ्या दिवशी तू कचेरीत फोन केलास. "ताई, मी सुटले. तुमच्यात उलटं का आलंय? शुद्धिपत्र छापा." आणि मी तुला काय म्हटलं ते तुला पाठ असेल. "उद्या रद्दी होईल गं त्याची. कशाला पुन्हा चघळायचं?" त्याच महिन्यात मी मुख्य मुद्रितशोधक होणार होते. फोन ठेवला आणि ज्या सळईवर वापरलेले कागद खोचायचो, तिच्यावरून बातमीदाराच्या हातचा कागद आणि माझ्या सहीचं प्रूफ काढून पर्समध्ये घातलं. कुणाला सापडू नये म्हणून. फाडायचं धाडस मात्र झालं नाही. फाडणं माझ्याकडून कधी होत नाही, हे तुला माहीत आहे, आपली जुनी वह्यापुस्तकंही माझ्याकडेच आहेत.

रद्दी होईल, म्हणाले मी. रद्दी झालीच नाही बघ.

ते दोन्ही कागद माझ्या मोठ्या शब्दकोशात होते, 'द'च्या पानांत. काल मी ते वकीलबाईंकडे नेले. बातमीदाराचं अक्षर स्वच्छ आहे, 'निर्दोष' एका ओळीत, अखंड. त्यांनी वाचलं, माझी सही पाहिली. मग, "काकू, हे इतकी वर्षं कुठे होतं?"

"शब्दकोशात."

"आणि तुम्ही?"

इतका नेमका प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नाही. मी म्हटलं, "लिहून घ्या, सांगते." त्यांनी माझं निवेदन घेतलं. दुरुस्तीचा मसुदाही केला: शिक्षिकेची निर्दोष मुक्तता झाली होती, मुद्रितशोधनातील चुकीमुळे उलट छापले गेले. मी म्हटलं, मुद्रितशोधकाचं नाव घाला. म्हणाल्या, गरज नाही. मी म्हटलं, "तिचं नाव अडतीस वर्षं चाललं, माझं चार दिवस चालू दे." घातलं. मसुद्यात 'मुद्रित'चा 'द्रि' त्यांनी दीर्घ लिहिला होता, तोही ऱ्हस्व केला. सवय.

पण दुरुस्ती लागली की तुझं नाव पुन्हा वर येणार. माणसं पुन्हा वाचणार, चार जण पुन्हा विचारणार. आणि पान काढून टाकलं, तर तू सुटलीस हे सांगणारं जगात एकही पान उरणार नाही, यंत्राच्या पोटातली सहा महिन्यांची शिक्षा तेवढी उरेल. मला विचारशील तर मी दुरुस्तीच्या बाजूची आहे. पण मला तू कशाला विचारावंस? तुझ्या नावाचं एकदा मीच परस्पर ठरवलं होतं. वकीलबाईंनाही मी बजावलंय, तुझं उत्तर येईपर्यंत एक अक्षर हलवायचं नाही.

सोबत संमतीचा कागद आहे. सही केलीस तर दुरुस्ती लागेल. नाही केलीस तर तुझा पहिला अर्ज आहे तसा चालेल. दोन्हीत माझं निवेदन वाचनालयाला जाईल, तेवढं मी तुला न विचारता करणार आहे. शनिवारची मुलं वाट बघत असतील.

पत्राच्या शेवटी आपण 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहीत आलो. मला वाटायचं, 'चूकभूल' हा एकच शब्द आहे. आता कळलं, दोन आहेत.

चूक मी घेतली. भूल, म्हणजे विसर, द्यायची की नाही, ते तुझ्याकडे.

तुझी,
ताई

(वाचून पाहिले. या वेळी मूळ प्रतीशी ताडून.)