सोआवेचा वास

६ मार्च २००६, सोम.
वाइनच्या ऑफिसातल्या आमच्या बॉसने, जोआनने, आज नवंच काम गळ्यात मारलं. एप्रिलमध्ये भारतीय गिऱ्हाइकांसाठी जेवण, सोबत एकच वाइन. सोआवे, इटलीची पांढरी. तिच्याबरोबर आपलं काय काय चालेल ते मी शोधायचं. हिशेब बघणाऱ्या बाईला हे का, तर म्हणे, "यू इंडियन, यू शुअर नो, लाह." आमच्या पुण्याच्या घरात वाइन सोडा, व्हिनेगरही नव्हतं.
नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मला दिवस गेलेत हे नवरा निखिल, आई आणि डॉक्टर सोडून कुणाला माहीत नाही. आणि होणारही नाही.

९ मार्च, गुरु.
पहिली चाचणी. गुरुवारचा उपास आहे असं सांगता आलं असतं, ऐनवेळी सुचलं नाही. ग्लास नुसता ओठाला लावला आणि चाखलेली वाइन थुंकायची बादली असते तीत खोटंखोटं थुंकले. बाबा जन्मभर रस्त्यात पिंका टाकणाऱ्यांवर ओरडले, आणि त्यांची लेक थुंकायचा पगार घेते. तोही कोरडं थुंकून.
सुरुवातीला वासच आला नाही. परत परत हुंगलं. पण बाटली बर्फातून काढलेली होती. जो. म्हणाली, फार गार असली की वास मिटतो, ग्लास तळव्यात धर. धरला. मग नाशपाती, कसलंसं पांढरं फूल, आणि मागाहून कडू बदाम. जो.ला बदाम मी सांगितल्यावर सापडला. "वा, युवर नोज सो पावरफुल."
नाक माझं कुठलं. हे सगळं पोटातल्याचं.

१२ मार्च, रवि.
आईचा फोन. "वास येतात ना अजून? मळमळतंय ना? मग बरंय."
मागच्या वेळी एका सकाळी नि.च्या कॉफीचा वास छान वाटला होता. इतकी खूश झाले की कपभर प्यायले. नंतर तपासणीला गेलो, तर डॉक्टरांना पडद्यावर ठोके सापडेनात. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं. मग सगळ्यांना परत सांगावं लागलं. जो.ने दिलेले पिवळे मोजे अजून कपाटात आहेत.
म्हणून या खेपेला तीन महिने तोंड बंद. पाडव्याला सांगू, आई म्हणते.

१५ मार्च, बुध.
बाटली घरी आणली, अभ्यासाला. सुरळीची वडी: झकास, फक्त फोडणीत मिरची नको. आलं घालून वाफवलेला मासा: उत्तम. गोड्या मसाल्याची आमटी: वाइन मेली. भरलं वांगं: दोघंही मेली. चव बघायला नि., वास घ्यायला मी.
रोज उठल्या उठल्या बूच काढून वास घेते. बदाम आला की मगच दात घासते. नि. दारात उभा राहून म्हणाला, "देवपूजा काय चाललीय?" हसण्यावारी नेलं. खरं सांगायला हवं होतं, पण सांगितलं की खरं होईल अशी भीती.

२१ मार्च, मंगळ.
घराजवळच्या बेडोकच्या हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या सगळ्या स्टॉलांमधून, नाक न दाबता चालत आले. लिफ्टपाशी पोचल्यावर लक्षात आलं. तशीच मागे फिरले, फिश सूपच्या स्टॉलसमोर जाऊन उभी. आंटी म्हणाली, "वॉट यू वॉन्ट?" काय सांगू तिला. वास येत होता. पण कालच्याइतका? सूप घेतलं, घरी आणून ओतून दिलं.
 

२४ मार्च, शुक्र.
यादी दिली. जो.ने वाचली, मग बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "यू नेव्हर स्पिट एनीथिंग. आय सी ऑलरेडी."  तिने पुढे काही विचारलं नाही. नवी बाटली पिशवीत घालून दिली आणि पिशवी उचलू दिली नाही, लिफ्टपर्यंत स्वतः धरून आली.
मोजे तिलाही आठवले असणार.

२६ मार्च, रवि. सकाळ
मळमळ नाही.
नि.ने कॉफी केली. छान वास आला.
त्याला काही बोलले नाही, मासे आणायला पाठवलं. तपासणी उद्या. आईला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत ठेवून दिला. तिसरा महिना संपत आला की हे आपोआप कमी होतं, डॉक्टर मागेच म्हणाल्या होत्या. सकाळपासून तेच घोकतेय.
जो.ची बाटली उघडली. ओतली. नाक घातलं. नाशपाती नाही, फूल नाही. बदाम नाही.
मग आठवलं, बाटली फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवली होती, बर्फाच्या कप्प्याला टेकून. ग्लास डाव्या तळव्यात धरलाय, उजव्या हाताने हे लिहितेय. काच घामेजलीय की तळवा, कळत नाही.
दारात किल्ली वाजली. नि. विचारतोय, उठलीस का, काय करतेयस.
थांब जरा. अजून गार आहे.