कपाट अडकलं, मी नाही

२ मार्च, रविवार

आजपासून रोज लिहायचं आणि खरंच लिहायचं. स्वतःची बाजू घ्यायची नाही. मागच्या वहीच्या पहिल्या पानावरही हेच लिहिलेलं सापडलं. पण ती वही फार लहान होती.

पाठ्यपुस्तकाचा धडा लिहायला घेतला. सहावीचं विज्ञान, धडा तिसरा, 'माणूस का टिकला?' पहिलं वाक्य झकास जमलं: 'माणसाला ना नख्या, ना सुळे, ना अंगभर लोकर, तरी तो टिकला, कारण त्याच्याकडे डोकं होतं.' दिवसभर त्याच वाक्यावर खूश होतो. दुसरं उद्या.

हॉलमधलं मोठं लाकडी कपाट मागच्या खोलीत, म्हणजे माझ्या लिहिण्याच्या खोलीत हलवायचं ठरलं. मुलीला व्यायामाला जागा हवी आहे. कॉलेजात गेल्यापासून ती वजनं उचलते. येत्या शनिवारी तिची निवड चाचणी आहे. निवड झाली तर दोन महिन्यांचं शिबिर, मग मोठ्या स्पर्धा. इतकी हुशार मुलगी, आणि लोखंडाशी झटापट. पण मी अडवलेलं नाही. फक्त मत सांगतो.

बायको म्हणाली, पुढच्या रविवारी माझा भाऊ येतोय, तो हलवेल कपाट. मेव्हण्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे आणि त्याने आयुष्यात एक पुस्तक पूर्ण केलेलं नाही. मी म्हटलं, कपाट मी हलवतो. ती म्हणाली, कशाने? मी कपाळावर बोट ठेवलं. ती म्हणाली, तिथे टेंगूळ येईल.

शनिवारी चाचणीला येण्याचा मुलीला शब्द दिला. मी समोर असलो की तिला धीर येतो. ती म्हणाली, बघ, जमलं तर. हल्लीची मुलं भावना दाखवत नाहीत.

४ मार्च, मंगळवार

दुसरं वाक्य नाही झालं. कारण चांगलं आहे. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. कपाट, बोळ, खोलीचं दार, सगळं मोजून, प्रमाणात. पुठ्ठ्याचं कपाट पुठ्ठ्याच्या बोळातून वळवलं, जरा तिरकं केलं आणि दारातून आत घातलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. तीनदा करून पाहिलं.

जेवताना प्रात्यक्षिक दाखवलं. बायको म्हणाली, छान, आता खऱ्या कपाटालाही सांग. मुलगी मॉडेल हातात घेऊन बघत होती. काहीतरी म्हणणार होती, पण तोंडात घास होता.

५ मार्च, बुधवार, सकाळ

कपाट रिकामं केलं. आज दुपारी हलवणार. मी आतून ओढणार, बायको बाहेरून ढकलणार. मुलीने हात लावायचा नाही, कारण चाचणीपर्यंत रोजच्या सरावाखेरीज पिशवीसुद्धा उचलायची नाही अशी तिच्या सरांची ताकीद आहे. मी म्हटलं, ताकदीचा प्रश्नच नाही, हा भूमितीचा प्रश्न आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ ६.१०

कपाट दारात अडकलं आहे. तिरकं. मी खोलीच्या आत आहे.

इथे नेमकेपणा हवा. मी अडकलेलो नाही. अडकलंय ते कपाट. मी फक्त त्याच्या आतल्या बाजूला आहे.

मुलगी बाहेरून म्हणाली, बाबा, पुठ्ठा वाकतो. मी विचारलं, हे काल का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगणार होते, तेवढ्यात तू घर्षणावर सुरू झालास.

सुदैवाने या खोलीला न्हाणीघर जोडून आहे. कॉट आहे, टेबल आहे, फोन आहे. खिडकीला गज आहेत. कपाट कललं असल्यामुळे वर, चौकटीच्या एका कोपऱ्यात, तिकोनी फट राहिली आहे. त्यातून जेवणाचा डबा आला. डब्यामागोमाग मुलगी आली. कपाटावर मांजरासारखी चढली, फटीतून सरपटली, माझ्या टेबलावर उतरली, पाण्याची बाटली दिली आणि आली तशी परत गेली. म्हणाली, वर हात घाल, स्वतःला ओढ, पोट आत घे, झालं.

मी म्हटलं, तो मार्ग मी राखून ठेवला आहे.

६ मार्च, गुरुवार

सकाळी एक हात वर घालून पाहिलं. फक्त अंदाज म्हणून. मग दोन्ही घातले. पाय जमिनीवरून उठले, असं मला वाटलं. नंतर खाली पाहिलं, उठले नव्हते.

संपादकबाईंचा फोन. धडा कुठवर आलाय? म्हटलं, दाराशी. त्या म्हणाल्या, तुम्ही पाठवलेलं पहिलं वाक्य वाचलं, पण नुसतं डोकं डोकं काय करताय? अंगठा कुठे गेला? दोन पायांवरची चाल? घाम? बाकीचे प्राणी धावून तापले की थांबतात, माणूस घाम गाळत पुढे जातो, हे मुलांना सांगायला नको? मी नम्रपणे म्हटलं, अंगठा हा बुद्धीचा नोकर आहे. त्या म्हणाल्या, नोकराला एक परिच्छेद द्या.

बायकोने मला न विचारता वरच्या मजल्यावरच्या दोघा भावांना बोलावलं. धिप्पाड माणसं. मी आतून सूचना दिल्या. डावं-उजवं म्हटलं की समोरासमोरच्या माणसांचा घोटाळा होतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी शास्त्रशुद्ध शब्द वापरला: घड्याळाच्या दिशेने फिरवा! त्यांनी फिरवलं. मीही फिरवलं. कपाट कण्हलं आणि पाचरीसारखं बसलं.

नंतर कॉटवर पडून हातातल्या घड्याळाकडे बघत होतो, तेव्हा लक्षात आलं. घड्याळ मागच्या बाजूने पाहिलं तर काटे उलटे फिरतात. त्यांचं घड्याळ वेगळं, माझं वेगळं.

थोरल्या भावाच्या पाठीत उसण भरली. धाकटा जाताना बायकोला म्हणाला, वहिनी, पुढच्या वेळी साहेबांना आधी बाहेर काढा, मग आम्हाला बोलवा.

७ मार्च, शुक्रवार

सुतार येऊन गेला. फटीतून त्याचा एकच डोळा दिसला. म्हणाला, एकतर कपाट कापा नाहीतर चौकट. कपाट सासूबाईंनी लेकीला दिलेलं. चौकट घरमालकाची. बायको म्हणाली, कपाटाला करवत लागली तर तू आतच राहा. मालक गावाला गेलेत, सोमवारी परवानगी मिळेल.

म्हणजे उद्यापर्यंत सुटका नाही.

उद्या चाचणी आहे आणि मी शब्द दिलेला आहे. दुपारभर याच एका गोष्टीचा विचार केला. आज प्रामाणिकपणे लिहितो: मला जायचंय का? मुलीची निवड झाली तर ती दोन महिने जाणार, अभ्यास बुडणार, आणि आज ना उद्या मला म्हणावं लागणार की माझं चुकलं. मग मी या खोलीत थोडा मुद्दाम तर अडकलो नाही? बराच वेळ स्वतःची उलटतपासणी घेतली. निष्कर्ष: नाही. मुद्दाम अडकायला लागतं तेवढं नियोजन माझ्या हातून झालं नसतं.

उपाय क्रमांक एक: कपाटाच्या कडांना साबण. लावला. माझे हात घसरतात, कपाट नाही.

उपाय दोन: तरफ. कॉटची फळी काढून कपाटाखाली घातली. फळी मोडली. आता कॉटवर झोपताना मध्ये खड्डा पडतो.

उपाय तीन: पोट कमी करणे. रात्रीचं जेवण परत पाठवलं. बायको म्हणाली, एका दिवसात? म्हटलं, सुरुवात महत्त्वाची. अर्ध्या तासाने डबा परत मागवला. उद्या ताकद लागेल.

संध्याकाळी मुलगी कपाटाच्या पलीकडे जमिनीवर येऊन बसली. दिसत नव्हती, आवाज येत होता. म्हणाली, बाबा, तू टेन्शन घेऊ नकोस, नाही जमलं तरी चालेल. मी म्हटलं, काहीही झालं तरी मी येणार. मग म्हणाली, बरं. आवाज दाटला असावा. लाकडातून नीट कळत नाही.

८ मार्च, शनिवार, सकाळ ७.३०

दोघी निघाल्या. बायकोने फटीतून केळी आणि उकडलेली अंडी आत सोडली आणि म्हणाली, उगाच पराक्रम करू नकोस. मुलीचा नुसता हात आत आला. मी तो धरला. हाताला घट्टे पडलेत. इतके असतील याची कल्पना नव्हती.

म्हटलं, तू हो पुढे, मी आलोच.

चाचणी अकराला. हातात भरपूर वेळ आहे. क्रम असा: टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी, हात फटीतून पलीकडे, श्वास सोडून पोट आत, मग सरपटत बाहेर. तिथून रिक्षा. टाळ्यांपर्यंत पोचतो.

८.४०

पहिला प्रयत्न. डोकं गेलं. माझ्या शरीराचा जो भाग मी आजवर सर्वांत मोठा धरत आलो, तो सहज गेला.

९.१५

दुसरा प्रयत्न. खांदे गेले! हॉल दिसला. सोफा दिसला. किती सुंदर आहे आपला सोफा. मग हात थरथरायला लागले आणि मी परत आत आलो. घाम भरपूर आला. संपादकबाईंना कळवायला हवं.

९.४०

तिसरा आणि शेवटचा. शर्ट काढला. उरलेला साबण पोटाला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आता लिहू शकतोय.

तिसऱ्या प्रयत्नात निम्मा गेलो. कमरेपासून वरचा मी हॉलमध्ये, खालचा मी खोलीत, मध्ये पोट. पुढे सरकायला हातांत जोर नाही, मागे यायला पायांखाली खुर्ची नाही, कारण मी उडी घेताना ती पडली. फोन टेबलावर वाजत होता. कोणाचा ते ओळखत होतो. अकरा वाजले तेव्हा हॉलमधल्या घड्याळाकडे बघत होतो. समोरूनच.

कपाटावर पालथं पडून माणूस बराच विचार करू शकतो. पण मी केला नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की आत्ता ती वजनांच्या दांड्यासमोर उभी असेल, हात पुसत असेल, आणि खुर्च्यांमध्ये मला शोधत असेल. सापडणार नाही. मग तिचा धीर सुटेल. आणि कारण काय, तर बापाला स्वतःचं अंग उचलता येत नाही. ताकदीची गरज एकदाच पडली, आणि तीही स्वतःपुरतीच.

दीडच्या सुमारास घराचं दार उघडलं. बायको आधी किंचाळली, मग हसली, मग हसता हसता भिंतीला टेकून बसली. मुलगी हसली नाही. जवळ आली, माझ्या खांद्यांना हात लावला आणि म्हणाली, श्वास सोड बाबा, पूर्ण सोड. आणि मला मागे ढकललं. मी कॉटवरच्या खड्ड्यात पडलो.

मग तिचा आवाज आला: टेबल बाजूला घे आणि भिंतीला लागून उभा राहा. कशाला हात लावू नकोस. काही सांगू नकोस.

कपाटाची खालची कड उचलली गेली. इतकंच. जरा मागे गेलं, सरळ झालं आणि आत आलं. आता भिंतीशी उभं आहे. खिडकी निम्मी झाकली गेली, पण तक्रार कोणाकडे करायची?

विचारलं, निकाल? म्हणाली, झाली निवड. एकही प्रयत्न फुकट गेला नाही. बायको म्हणाली, शेवटचं वजन उचलताना सगळा हॉल उभा राहिला होता.

मी म्हटलं, मी नव्हतो तरी? म्हणाली, थांब बाबा, आधी आंघोळ कर. साबण वाळलाय.

९ मार्च, रविवार, सकाळ

मेव्हणा आला. कपाट बघून म्हणाला, अरे वा, दाजींनी हलवलं वाटतं! कोणी काही बोललं नाही. मीही नाही. हे इथे लिहून ठेवतो.

चहा घेताना मुलीला म्हटलं, काल येऊ शकलो नाही, माफ कर, शिबिरानंतरच्या स्पर्धेला मात्र पहिल्या रांगेत असेन. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, बाबा, एक सांगू? रागावू नकोस. मागच्या चाचणीला तू समोर बसला होतास. मी दांड्याला हात घातला की तू मान हलवायचास, पाय कसे ठेवायचे ते बोटांनी दाखवायचास, मी वाकले की डोळे मिटायचास. मला वजन दिसायचंच नाही, तूच दिसायचास. काल पहिल्यांदा मोकळं वाटलं. बुधवारी कपाट अडकलं ना, तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि थोडं बरंही.

म्हणाली, तू वाईट माणूस नाहीस रे. फक्त नको येऊस.

मग उठून माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात नव्हती, पण बसली.

तिच्या शिबिराच्या कागदावर सही केली. तेवढ्यातही सही दोनदा चुकली. मग इथे आलो, धडा उघडला, पहिलं वाक्य खोडलं. दुसरं सुचलं नाही.

हॉलमध्ये मेव्हणा तिचा दांडा उचलून बघतोय, ती त्याला हसतेय, मामा, कंबर खाली, असं ओरडतेय. बायको मला दोनदा हाक मारून गेली.

दार सताड उघडं आहे. मध्ये काही नाही. बाहेर गेल्यावर तिला काय म्हणायचं ते सुचलं की जाईन.