वरच्या फळीवरचं चीज

शनिवार, १० फेब्रुवारी

आलो एकदाचे. पोस्टाची पिवळी बस वळणं घेत वर चढत होती आणि बाझिल दर वळणाला माझ्या गुडघ्यावर थाप मारून सांगत होता की अजून वर जायचंय, अजून वर. नोव्हेंबरपासून माझा नवरा ही सुट्टीच जगतोय. तळ्याकाठच्या लोझानच्या घरी स्वयंपाकाच्या टेबलावर स्कींना मेण लावता लावता त्याने माझी चांगली इस्त्री कामातून घालवली. न्हाणीघराच्या दारावर उतारांचा नकाशा चिकटवला, त्यावर पेन्सिलीने रोजचा कार्यक्रम आखला, कुठल्या टपरीत सूप प्यायचं तेही लिहिलं. आमच्या लग्नाची याच्या निम्मीसुद्धा तयारी त्याने केली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, बर्फ दिसल्याबरोबर माझेही पाय शिवशिवायला लागले.

घर लाव्हेर्न गावाच्या वरच्या टोकाला आहे, उन्हाने काळं पडलेल्या लाकडाचं. वरच्या दोन खोल्या आमच्या. खाली मालकीणबाई, मादाम एर्मिनी, एकट्याच राहतात. ऐंशीच्या पुढच्या असतील, पण आमची बॅग त्यांनी माझ्याआधी वर नेली. गाद्या स्वच्छ, चादरी कडक, न्हाणीघर चकचकीत. परक्या घरात मी आधी न्हाणीघर तपासते आणि मगच सामान सोडते. बाझिल त्यावरून मला इन्स्पेक्टरबाई म्हणतो.

सगळं आवडलं, तळघर सोडून. मादाम हौसेने दाखवायला घेऊन गेल्या. फळ्यांवर चीजची चाकं मांडलेली. दिवसाआड प्रत्येक चाक उलटायचं आणि मिठाच्या पाण्याने फडक्याने पुसायचं, हे काम त्या लहानपणापासून करतात. खालच्या फळ्यांवरचं हवं तेवढं घ्या, भाड्यातच धरलंय, म्हणाल्या. वरच्या फळीवरचं आमचं आहे, त्याला हात लावायचा नाही. ती वरची चाकं काळपट आणि भेगाळलेली होती, आणि फळीवर तपकिरी भुकटी सांडली होती. मादामनी दिवा जवळ नेला तेव्हा भुकटी हलली. चीजचे किडे. जुनं चीज असंच मुरतं, असं बाझिल मला समजावत होता. मी नाकाला रुमाल लावून जिना चढले. रात्रीचं जेवण माझ्या घशाखाली उतरलं नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

काय दिवस होता. आभाळ निळंभोर, रात्रीत पडलेला भुसभुशीत बर्फ, आणि पहिल्या उतारावर आमच्याआधी कुणी नाही. मी वरपासून खालपर्यंत एका दमात आले. बाझिल मध्येच आजीबाईंच्या एका रांगेत घुसून आडवा झाला आणि त्यातल्या एकीने त्याला काठीने उठवलं. वर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट मादामचा भाचा ओनोरे चालवतो. पन्नाशीचा, लाल नाकाचा, तोंडाचा फटकळ. बाझिलला बघून म्हणाला की साहेब, तुमच्यासाठी उतार सपाट करून घेऊ का. बाझिल हसला, पण त्याला लागलं ते. त्याची आई याच प्रांतातली, त्यामुळे तो स्वतःला पहाडातला समजतो आणि मला तळ्याकाठची नाजूक बाई.

दुपारी टपरीबाहेर उन्हात बसून कांद्याचं सूप प्यायलो. खूप दिवसांनी आम्ही एकमेकांशी नुसतं बोललो. मी सुखी आहे, हे इथे लिहून ठेवते.

सोमवार, १२ फेब्रुवारी

दिवसभर हिमवर्षाव. स्की बंद.

संध्याकाळी बाझिल चीज आणायला तळघरात गेला तो काळं चाक काखेत मारून आला. वरच्या फळीवरचं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ठेवून ये. तो म्हणाला, तुला या लोकांची लबाडी माहीत नाही, शहरातल्या पाहुण्यांच्या माथी रबर मारतात आणि मुरलेलं स्वतःसाठी लपवतात, माझी आजीसुद्धा असंच करायची. सालीवर ए. क्र. अशी अक्षरं कोरलेली होती. एर्मिनी क्रेताज. मी अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाला की बाईंनी स्वतःच्या नावाचं ठेवलंय म्हणजे नक्कीच सगळ्यात भारी.

सुरी आत जाईना. त्याने गुडघ्याखाली धरून, हातोडीने ठोकून ते फोडलं. मग वासाचा एक लोळ आला आणि मी खिडकी उघडली, बर्फ आत आला तरी. आजारी माणसाची खोली दिवसेंदिवस बंद ठेवावी तसा वास. त्याने कपचा काढला, त्यावरची भुकटी फुंकली आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. माझ्यापुढेही धरला. मला शिसारी आली. मी शिवलेही नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सकाळी लिफ्टवर बसताना बाझिलने खिशातून तुकडा काढून ओनोरेला ऐटीत दाखवला. आम्ही अर्ध्यावर पोचलो तेव्हा लिफ्ट थांबली. सगळे अधांतरी लटकलेले, कुणी ओरडतंय, कुणी शिव्या देतंय, आणि खाली ओनोरे आपली खोली उघडी टाकून गावाकडे पळत होता. पुन्हा सुरू व्हायला इतका वेळ लागला की माझ्या पायांची बोटं बधिर झाली.

घरी आलो तर मादाम आणि ओनोरे स्वयंपाकघरात बसलेले. ओनोरेने सांगितलं ते असं. इथे मूल जन्मलं की त्याच्या नावाचं एक चाक वरच्या फळीवर जातं. तो माणूस मरेपर्यंत त्याला सुरी लावत नाहीत. मयताच्या दिवशी ते फोडतात, अख्खं गाव एकेक तुकडा खातं, आणि मगच मेलेला माणूस घरातून हलतो. बाझिलची मान खाली गेली. तो माफी मागायला लागला, दुसरं चाक घेऊन देतो म्हणाला. मादाम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, कधी फोडलं. काल संध्याकाळी, मी सांगितलं. मग त्यांनी एप्रन काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, मग मी कालच गेले म्हणायची. जाऊन पलंगावर पडल्या.

बाझिलने उरलेलं चाक परत करायला हात पुढे केला. ओनोरेने घेतलं नाही. आता ते तुमच्या पोटात गेलं, साहेब, म्हणाला. ज्याच्या पोटात तुकडा, चीज तोच. मला वाटलं, हा टोमणा आहे.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मादाम उठल्या नाहीत. सूप नेलं तर तोंड फिरवून पडल्या. म्हणाल्या, जिवंत माणसाने मेलेल्याला भरवायचं नसतं, मादाम, तुम्ही कशाला त्रास घेता.

लाजेने तरी बाझिल थांबेल असं वाटलं होतं. तो खातच सुटलाय. उतारावर, खुर्चीत, संडासातसुद्धा. जाकिटाच्या खिशात तुकडे, नखांत भुकटी. मी ओरडले, तर शाळकरी पोरासारखा पाठ करून खात राहिला. मी त्याला आधी अंघोळ कर म्हणून सांगितलं. त्याने केली. तरी वास त्याच्या मानेतून येत होता, आणि मी उशी घेऊन बाहेरच्या खोलीतल्या बाकावर झोपले. आमच्या लग्नात पहिल्यांदाच.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

चाक संपलं. सालीसकट. फळीसुद्धा चाटली असणार, कारण त्याच्या जिभेत लाकडाचं कुसळ रुतलं होतं.

सकाळी चादर त्याच्या अंगाला चिकटलेली होती. ओढून काढावी लागली. पाठीवर नारिंगी, बुळबुळीत थर, बोट लावलं की तार निघते. मी न्हाणीघरात जाऊन ओकले. बाझिल म्हणाला, लोकरीच्या बनियनची ॲलर्जी असेल.

खाली घाटात हिमकडा कोसळून रस्ता बंद झालाय. मी खालच्या गावातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पुरळ म्हणून टाकलं, मलम सांगितलं, आणि अशा हवेत हेलिकॉप्टर उडत नाही म्हणाले. मी त्यांना तारेबद्दल सांगितलं. बाई, तुम्ही घाबरल्या आहात, म्हणाले. हो, घाबरलेच आहे.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

थर सुकला की तडकतो, आणि तडकला की बाझिल कळवळतो. मलमाने आणखी वाढलं. दुपारी ओनोरे मिठाच्या पाण्याची बादली आणि फडकं घेऊन वर आला. मी दार अडवलं. तो म्हणाला, बाजूला व्हा मादाम, नाहीतर फुटेल तो, आणि मग माझ्या आत्याच्या मयताला काय वाढू. मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गाल चोळला आणि बादली दारात ठेवून गेला.

बाझिल रडत होता. शेवटी मीच फडकं बुडवलं. पुसलं तशी त्याला झोप लागली. माझे हात बुळबुळीत झाले. साबणाने तीनदा धुतले तरी वास गेला नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज आम्ही घरी जाणार होतो. रस्ता बंदच.

त्याला आता वाकता येत नाही. पाय पोटाशी घेऊन पडून असतो आणि तसाच घट्ट होत चाललाय. पाठ गोल झालीय. एकाच कुशीवर राहिला की खालची बाजू ओली होते, म्हणून ओनोरे आणि मी मिळून त्याला उलटलं. मीच हाक मारली ओनोरेला. काय करणार, एकटीला जड जातो.

काखेत भुकटी आहे. दिव्याखाली ती हलते. मी ब्रशने झाडली. पुन्हा आली.

डॉक्टरांना पुन्हा फोन केला. या वेळी आवाज चढवला. रस्ता मोकळा झाला की पहिली रुग्णवाहिका आमच्याकडे, असं त्यांनी कबूल केलं. मी बाझिलच्या कानात सांगितलं की तुला इथून खाली नेणार, काहीही झालं तरी नेणार. त्याने माझं बोट दाबलं. तेवढं एकच बोट हलतं त्याचं.

रविवार, १८ फेब्रुवारी

पुसलं. उलटलं. पुन्हा पुसलं.

तोंड मिटत आलंय. ओठ कुठे, गाल कुठे, कळत नाही — चमच्याने दूध दिलं, बाहेर आलं. आंबलेलं. ते मी हातानेच निपटलं आणि नंतर आठवलं की हात धुवायचे राहिले.

वास आता तितकासा येत नाही. हवा बदलली असेल.

ओनोरे बघून गेला. छान धरतंय, म्हणाला. मी त्याला बादली फेकून मारायला हवी होती. मी फक्त विचारलं, पाण्यात मीठ पुरेसं आहे का.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सकाळी मादाम एर्मिनी गेल्या. उद्या गाव जमणार.

डॉक्टरांचा फोन — रस्ता उद्या सकाळी उघडतोय. गाडी येतेय. देवा. मी सामान बांधलं, त्याचा कोट काढून ठेवला. कोट कसा घालणार ते माहीत नाही.

त्याला सांगितलं. बोट हललं नाही, पण डावा डोळा उघडा आहे, तो माझ्याकडे वळला. ओला आहे. ऐकतोय तो. जिवंत आहे. उद्या.

भूक लागलीय. दोन दिवस मी काही खाल्लं नाही, आज लक्षात आलं. ब्रेड तोंडात घातला — थुंकला. बेचव.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सगळे खाली बसलेत. काळे कपडे, राईची भाकरी, पांढरी वाइन. ओनोरेने आणि आणखी दोघांनी त्याला खाली आणून टेबलावर ठेवलं. मी ओरडणार होते. ओरडले नाही. धक्का लागू देऊ नका, म्हटलं.

ओनोरे म्हणतो, पहिला तुकडा घरच्या माणसाने घ्यायचा. आत्याला नवरा-पोर नाही, भाचा चालत नाही. पण साहेबांची बायको तुम्ही आहात —

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. खोली गरम आहे, आणि त्यातून तो वास. मला याची किळस यायची. का यायची? तोंडाला पाणी सुटतंय, पुसते आहे, पुन्हा —

गाडीचा आवाज. आले.

दोघं, स्ट्रेचर घेऊन. पेशंट कुठेय, विचारलं. मी दार पुरतं उघडलं नाही. माझ्या पाठीमागून तो हुंकारला. ऐकलं मी. त्यांनीही ऐकलं असेल. आत मयत आहे, म्हणाले मी, लोक रडतायत. नवऱ्याला बरं वाटलं, सकाळीच खाली गेला चालत. त्यांनी नाक मुरडलं. केवढा वास, बाई, म्हणाले. हो, मयताचं चीज आहे, म्हटलं.

गेले.

सुरी माझ्या हातात आहे. बरगडीखाली साल पातळ आहे, मीच तर रोज पुसत होते, मला माहीत — डोळा बघतोय, बाझिल, बघू नको ना — आत पिवळं आहे, मऊ, गरम, किती — आणखी एक, एवढाच एक —